'नाय' म्हणजे नाही नव्हे : जुना इंग्रजी शब्द मुळापासून कसा धरायचा

माझा भाचा अकरावीत आहे, इथेच बडोद्यात इंग्लिश मीडियमला, आणि आम्ही सगळे दांडिया बाजारच्या जुन्या घरात एकत्र राहतो, त्यामुळे त्याला काही अडलं की तो गूगलच्या आधी माझ्याकडे येतो आणि मला ते फार आवडतं. परवा मोबाईलवर एक व्यंगचित्र घेऊन आला. दाढीवाला माणूस रस्त्यात पाटी धरून उभा, पाटीवर चार इंग्रजी शब्द. म्हणाला, "आत्या, दि एन्ड इज निघ म्हणजे काय गं?" मी म्हटलं, अरे तो निघ नाही, त्याचा उच्चार नाय. तर लगेच म्हणतो, "म्हणजे एन्ड नाय? शेवट नाहीच होणार?"

आता यात त्याची काही चूक नाही. मराठी कान असलेल्या मुलाला एन-आय-जी-एच दिसलं की तो निघ वाचणार, आणि नाय ऐकलं की नाही ऐकणार. अर्थ सांगायला मला एक सेकंद लागला असता, नाय म्हणजे जवळ, शेवट जवळ आलाय, संपलं. पण मी घरी इंग्रजीच्या ट्यूशन्स घेते आणि माझा अनुभव असा की असा सांगितलेला अर्थ मुलं चार दिवसांत विसरतात. शब्दाचे नातेवाईक दाखवले तर मात्र जन्मभर विसरत नाहीत, कारण ते नातेवाईक त्यांच्या ओळखीचेच असतात. म्हणून त्याला घेऊन बसले आणि पूर्ण दुपार त्या एका शब्दात गेली. तेच इथे लिहिते, म्हणजे तुम्हाला तुमच्या घरच्या मुलांबरोबर, किंवा स्वतःसाठी, कुठल्याही जुन्या शब्दाशी असंच बसता येईल.

सगळ्यात आधी उच्चार, आणि उच्चारातलं जे ऐकू येत नाही ते. जी-एच ही दोन अक्षरं नाय मध्ये नुसती बसून आहेत, नाइट, लाइट, एट, डॉटर, नेबर सगळीकडे तीच गत. मुलांना वाटतं इंग्रजांनी उगीच त्रास द्यायला घातलीत. तसं नाही, एकेकाळी तिथे खरंच आवाज होता, आपल्या ख सारखा घशातून घासत येणारा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द साधारण नेआख् असा बोलला जायचा. 1066 मध्ये नॉर्मन लोक इंग्लंडात आले, त्यानंतरच्या लेखनिकांनी तो आवाज हळूहळू जी-एच असा लिहायला सुरुवात केली, पुढे दक्षिण इंग्लंडात तो तोंडातून गळून गेला आणि कागदावर तसाच राहिला, कारण 1476 मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला आणि छापलेलं स्पेलिंग मग जागचं हलेनासं झालं. स्कॉटलंडच्या जुन्या बोलीत अजून नाइटला निख्त म्हणतात. त्याच काळात, म्हणजे ढोबळ 1400 ते 1700, इंग्रजीतले लांब स्वर सरकले आणि नी चा नाय झाला.

हे मराठी माणसाला समजायला अवघड जाऊ नये खरं तर. आजोबांच्या पत्रांत केलें, गेलें, गांव, नांव असे अनुस्वार असायचे ना, जे कोणीच बोलत नव्हतं, पण लिहीत सगळे होते. आपण 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते काढून टाकले. इंग्रजीने तशी साफसफाई केली नाही एवढाच फरक. म्हणून स्पेलिंगमधलं मुकं अक्षर दिसलं की वैतागू नका, ते खूण म्हणून वापरा, इथे पूर्वी आवाज होता आणि तो आवाज दुसऱ्या कुठल्या तरी भाषेत अजून जिवंत असेल. जर्मनमध्ये बघा, नाइटला नाख्ट, एटला आख्ट, डॉटरला टोख्टर. आणि आपल्याकडे बघा, नक्त, अष्ट, दुहिता. श्रावणी सोमवारचं नक्त करतात ना, म्हणजे रात्रीच एकदा जेवायचं, तो नक्त आणि इंग्रजी नाइट एकाच कुळातले. भाच्याच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, हे ऐकून इतका आनंद झाला की तिने ते शेजारच्या बेनना जाऊन सांगितलं.

उच्चार झाला की दुसरं काम, घरची माणसं शोधायची. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. वही घ्या, मधे नाय लिहा, आणि स्वतःला विचारा की याच अर्थाचे, न ने सुरू होणारे कुठले इंग्रजी शब्द मला माहीत आहेत. निअर तर लगेच येतो. नेक्स्ट येतो. नेबर जरा उशिरा येतो पण येतो. हे चौघं एकाच घरातले आहेत, नुसते सारखे दिसत नाहीत.

आणि यात जी मजा आहे ती शाळेत कोणी सांगत नाही. आपण पाठ करतो निअर, निअरर, निअरेस्ट. पण मुळात निअर हीच दुसरी पायरी होती! जुन्या इंग्रजीत पायऱ्या अशा होत्या, नेआख् म्हणजे जवळ, नेआर म्हणजे अधिक जवळ, नीएख्स्त म्हणजे सगळ्यात जवळ. आजच्या रूपात नाय, निअर, नेक्स्ट. म्हणजे नेक्स्टचा मूळ अर्थ पुढचा नाही, सगळ्यात जवळचा. पटत नसेल तर बँकेत किंवा दवाखान्यात भरायचा फॉर्म आठवा, त्यात नेक्स्ट ऑफ किन असं लिहिलेलं असतं, तिथे आपण काय लिहितो, पुढचा नातेवाईक थोडाच, सगळ्यात जवळचा नातेवाईक लिहितो. नेक्स्ट डोअर म्हणजे सगळ्यात जवळचं दार. रांगेत सगळ्यात जवळचा जो, त्याचाच नंबर पुढचा, तिथून अर्थ पुढचा कडे सरकला. जर्मनने ही तिन्ही रूपं अजून नीट जपलीत, नाह, नेअर, नेख्स्ट.

मग निअर दुसऱ्या पायरीवरून पहिल्या पायरीवर कसा आला? हे मी भाच्याला असं समजावलं. आई लहान मुलाला म्हणते, जवळ ये. मूल तीन हातांवर असतं, म्हणजे तसं जवळच असतं, तरी ती म्हणते जवळ ये, म्हणजे आत्ता आहेस त्याहून जवळ ये. मराठीत आपण अधिक जवळ, अजून जवळ असं दरवेळी बोलत नाही. इंग्रजीतही कम निअर म्हणजे अधिक जवळ ये असंच होतं, पण ऐकणाऱ्याला ते साधं जवळ ये वाटलं, दोन्हींत हातभराचाच फरक, आणि पिढ्यान् पिढ्या तसं ऐकत निअर हाच साधा शब्द झाला. त्यात डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेले व्हायकिंग लोक, 793 मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर हल्ला झाला तिथपासून त्यांचं येणं सुरू झालं आणि पुढे ते उत्तर-पूर्व इंग्लंडात वस्ती करून राहिले, त्यांच्या भाषेतही नेर असाच सख्खा भाऊ होता, त्याचाही जोर निअरला मिळाला. मग निअर साधा झाला म्हटल्यावर अधिक जवळसाठी नवा शब्द हवा, म्हणून निअरर केला, म्हणजे अधिकाचं अधिक झालं. आणि मूळचा बिचारा नाय कोपऱ्यात सरकला.

कोणी नाक मुरडायच्या आधी सांगते, आपणही हेच करतो. श्रेष्ठ म्हणजेच सगळ्यात चांगला, तरी आपण सर्वश्रेष्ठ म्हणतो, श्रेष्ठतम म्हणतो. ज्येष्ठ म्हणजेच सगळ्यात मोठा, तरी सर्वात ज्येष्ठ सदस्य असं निमंत्रणपत्रिकेत छापतो. भाषा चालते ती अशीच, प्रत्ययाची धार बोथट झाली की त्यावर दुसरा प्रत्यय चढतो.

नेबरवर वेगळं थांबायला हवं कारण तो माझा सगळ्यात आवडता आहे. जुन्या इंग्रजीत नेआख-येबूर, म्हणजे जवळ राहणारा. नाय मधलं जी-एच नेबरच्या स्पेलिंगमध्ये आजही आहे बघा, मूल एकदा ते बघतं आणि त्याला परत नेबरचं स्पेलिंग पाठ करावं लागत नाही, हा फायदा तर लगेच मिळतो. आता मागचा अर्धा भाग, बूर, म्हणजे राहणारा, जमीन कसणारा. डचमध्ये शेतकऱ्याला बूर म्हणतात, आपण बोअर युद्ध म्हणून शिकतो ना इतिहासात, 1899 ते 1902, दक्षिण आफ्रिकेतलं, ज्यात गांधीजींनी जखमींसाठी भारतीयांचं अँब्युलन्स पथक उभं केलं होतं, ते बोअर म्हणजे हेच शेतकरी. आणि याच्या मुळाशी जो धातू आहे तो थेट आपल्या भू शी नात्यात आहे, भू, भवति, भवन. म्हणजे नेबरमध्ये आपलं भवन लपलंय असं म्हटलं तरी चालेल. आमच्या गल्लीत गुजराती कुटुंबं शेजाऱ्याला पडोशी म्हणतात, तो शब्द प्रतिवेश वरून, समोर ज्याचं घर तो. शेजारपणाचा शब्द बनवताना दोन्हीकडे माणसांनी घर आणि ते कुठे आहे एवढंच बघितलं.

आता सावध राहायची जागा. भाच्याने इथे उत्साहात उडी मारली, म्हणाला आत्या, नाय, निकट, नजीक, तिघंही न ने सुरू, तिघांचाही अर्थ जवळ, म्हणजे हे पण एकाच घरातले! व्हॉट्सॲपवर असल्या यादया खूप फिरतात, आणि त्या बघून मला खरंच वाईट वाटतं कारण खरी नाती याहून कितीतरी सुंदर असतात. नियम एकच ठेवा, शब्द जोडायच्या आधी त्याचे तुकडे करा. निकट चे तुकडे नि आणि कट. हा कट आपल्याला विकट, संकट, प्रकट, उत्कट मध्येही भेटतो, म्हणजे तो प्रत्यय आहे, आणि जवळपणाचा जो काही अर्थ आहे तो नि मध्ये आहे. इंग्रजी नेआख् चे तुकडे असे पडतच नाहीत. सारखेपणा नुसता कानाला. म्हणजे निकट बाद.

नजीक मराठीत फारसीतून आला, नज़दीक पासून. आणि या नज़दीकचा संस्कृतमध्ये खरा सख्खा आहे, नेदिष्ठ, म्हणजे सगळ्यात जवळचा. संस्कृतात जवळ म्हणजे अंतिक, पण अधिक जवळ म्हणजे नेदीयस् आणि सगळ्यात जवळ म्हणजे नेदिष्ठ, पहिल्या पायरीला एक शब्द आणि पुढच्या दोन पायऱ्यांना दुसराच, पाणिनीने यासाठी सूत्रच दिलंय की अंतिकच्या जागी नेद आणा. जुन्या इराणी अवेस्ता भाषेत याचंच रूप नज़्दिश्त. म्हणजे आपण ज्याला परका फारसी शब्द समजतो तो नजीक हा नेदिष्ठचा भाऊ निघाला, आणि इंग्रजी नाय मात्र या घरातला नाही, त्याचा माग जर्मॅनिक भाषांपर्यंत जातो, इंग्रजी, जर्मन, डच, जुनी नॉर्स, गॉथिक.

पण थांबा, एक धागा खरा आहे. नेक्स्टच्या शेवटी जो स्ट आहे, आणि बेस्ट, निअरेस्ट मधला एस्ट, तो आणि आपला इष्ठ प्रत्यय, श्रेष्ठ, कनिष्ठ, नेदिष्ठ मधला, हे दोन्ही एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज आहेत. म्हणजे नेक्स्ट आणि नेदिष्ठ यांचं डोकं वेगळं आणि शेपटी एक. हे कळलं तेव्हा मी स्वतः कॉलेजात होते आणि मला आठवतं मी सेंट्रल लायब्ररीत त्या पानावर कितीतरी वेळ बसून होते.

लायब्ररीवरून आठवलं, हे सगळं शोधायचं कुठे. ऑनलाइन मोठ्या इंग्रजी डिक्शनऱ्या आहेत, त्यात अर्थ वाचून पान बंद करू नका, खाली किंवा सुरुवातीला व्युत्पत्तीचा छोटा परिच्छेद असतो, तिथे जुनं रूप, मधलं रूप आणि शेजारच्या भाषांतली रूपं दिलेली असतात, तेवढं वहीत उतरवा. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी सगळ्यात विस्तृत, तिचा पहिला भाग 1884 ला निघाला आणि शेवटचा 1928 ला, ते लोक एवढी वर्षं नुसते शब्दांचे पुरावे गोळा करत होते. मराठी बाजूला मोल्सवर्थचा कोश ठेवा, 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीचा, त्याचा फायदा दुहेरी आहे, मराठी शब्दही जुने आणि समजावणारं इंग्रजीही त्या काळचं. आणि बडोदेकरांनी तर लायब्ररीत प्रत्यक्ष जावं. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून ही सेंट्रल लायब्ररी उभी केली, आणि 1931 मध्ये याच संस्थानाने श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु काढला, ज्यात राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी अशा भाषांतले शब्द ओळीने मांडलेत. आपल्या वहीत तसेच रकाने पाडा, एका ओळीत एकच अर्थ आणि पाच भाषा. नुसत्या त्या रकान्यांतून गोष्टी दिसायला लागतात, जसं मराठी पाशी, गुजराती पासे, हिंदी पास, तिन्ही पार्श्व म्हणजे कूस यावरून, आणि गुजराती जोडे हा तर सरळ जोडीवरून.

मग प्रश्न, हा शब्द आज कुठे भेटतो आणि मराठीत कसा आणायचा. एकच जवळ सगळीकडे चिकटवलात तर भाषांतर मेलंच समजा. काळ किंवा संकट नाय असेल तर मराठीत ते येऊन ठेपतं, दि एन्ड इज नाय म्हणजे शेवट येऊन ठेपलाय, यात जी धडकी आहे ती शेवट जवळ आहे यात नाही. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये ड्रॉ नाय पुष्कळदा येतं, देवाजवळ जाणं, वेळ जवळ येणं, आणि पाटीवाल्या दाढीवाल्याची भाषा तशी गंभीर वाटते ती त्यामुळेच. नाय ऑन फोर्टी इयर्स असं वयाबरोबर किंवा वर्षांबरोबर आलं तर आपलं चाळिशीला आलेला, किंवा चाळीसेक वर्षं. वेल-नाय इम्पॉसिबल किंवा नाय इम्पॉसिबल, हा प्रयोग आजच्या पेपरातही दिसतो, त्याला जवळजवळ अशक्य, इथे मात्र जवळ चालतो, दोनदा म्हणून. आणि घोडागाडीच्या किंवा बैलजोडीच्या वर्णनात नाय हॉर्स, नाय ऑक्स आलं तर दचकू नका, तो डाव्या अंगाचा घोडा किंवा बैल, कारण माणूस डाव्या बाजूने चालतो-चढतो, म्हणजे डावा तो जवळचा. ब्रिटनमध्ये गाडीच्या डाव्या बाजूला अजून निअरसाइड म्हणतात.

स्वतः वापरायचा का? बोलताना आणि अर्जात नको. माय हाउस इज नाय द स्टेशन असं इंटरव्ह्यूत म्हटलंत तर समोरचा गोंधळेल, कारण जागेच्या अंतरासाठी तो आता कोणी वापरत नाही, तिथे निअर किंवा क्लोज टू. निबंधात एखादं वेल-नाय शोभून दिसतं, पूर्ण निबंधात एकदाच. नाटकात, कवितेत, जुन्या काळची गोष्ट लिहिताना मोकळेपणाने वापरा, तिथे त्याचं जुनेपण कामाला येतं.

भाच्याला मी शेवटी दोन शब्द दिले, लास्ट आणि रादर, आणि सांगितलं की हे पण अशाच पायऱ्यांवरून घसरलेत, शोध. लास्ट त्याला रात्री जेवतानाच सापडला, लेट, लेटर, आणि सगळ्यात लेट तो लास्ट. रादरला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आला, पहिल्या रकान्यात लिहिलं होतं रेद, म्हणजे लवकर, हा शब्द आता मेला. दुसऱ्यात रादर, म्हणजे अधिक लवकर, हा जगला. आणि खाली त्याने स्वतःच्या मनाने मराठी वाक्य लिहिलं होतं, आय वुड रादर हॅव टी म्हणजे मी आधी चहा घेईन, बाकीचं मग. चहा टाकायला मी उठलेच होते.